काटा अर्ध्यावर होता

गेल्या मंगळवारी भर दुपारी, अक्कलकोट रोडवर, मागं टॉवेलांचे अकरा गठ्ठे असताना माझी पिकअप दोन आचके देऊन गप झाली. डिझेलचा काटा अर्ध्यावर होता. परत सांगतो, कारण त्या दिवशी कुणी ऐकूनच घेतलं नाही: काटा अर्ध्यावर होता.

गाडी २००९ची. काट्याचे चाळे वर्षभर चालू होते. ब्रेक दाबला की डिझेल वाढायचं, रात्री दिवे लावले की आणखी वाढायचं. सोलापूरकराला याचं नवल नाही. आमचं उजनी धरण पावसाळ्यात ११० टक्के भरतं आणि उन्हाळ्यात वजा होतं. तळाचा ६३ टीएमसीचा (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) मृतसाठा हिशेबात धरत नाहीत, पाणी त्याच्याखाली गेलं की वजा. 'उजनी वजा ३०' असं पेपरात वाचत आम्ही निवांत चहात खारी बुडवतो. काटा ११०वर असो नाहीतर वजा, नळाला पाणी काही दिवसांनीच. एवढं बघून शहाणा झालेला माणूस मी, आणि गाडीच्या काट्यावर विश्वास ठेवला.

समोरच्या टपरीवरून एक काका उठून आले. पांढरी टोपी, खिशाला तीन पेनं, गिरणीतून रिटायर. हे शेवटचं त्यांनी न विचारता सांगितलं.

"काय करलालाव मालक?"

"बंद पडली."

"डिझेल संपलंय की."

"अर्धी टाकी आहे, काका."

"कोण म्हणलं?"

"काटा."

काका माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी शेजारच्या पोराच्या शब्दावर घर विकून आलो होतो. मग धोतर सावरून उकिडवे बसले, टाकीला कान लावला आणि बोटाची पेरं वाजवत खालून वर गेले. कलिंगड घेताना वाजवतात तसं. ठण्ण. ठण्ण. ठण्ण.

"ऐकलाव का? घरात माणूस नसला की दार असंच वाजतंय."

तोवर टपरी रिकामी झाली होती. काकांनी एकेकाला बोलावून टाकी ऐकवली. चौघांनी ठोकून बघितली. एकानं बॅटरीवर संशय घेतला, त्याला काकांनी परत चहाकडे पाठवलं. मग गिरणीचा बॉयलर निघाला. "आमच्या बॉयलरला काचेची नळी होती. आत पाणी किती, ते बाहेर दिसायचं. काटा कशाला पाहिजे ओ? हितं टाकीला काच बसवा म्हणून कंपनीला एक पत्र लिवा."

"लिहितो."

"आत्ता लिवा. पेन हाय माझ्याकडं."

खरंच पेन काढलं. त्रेचाळीस डिग्रीत, डांबर चपलेला चिकटत असताना, मी टॉवेलच्या बिलामागं काका सांगतील ते दोन ओळी लिहिलं. का लिहिलं, अजून कळलेलं नाही.

डिझेल आणायला चालत पंपावर गेलो. तिथल्या पोरानं प्लॅस्टिकची बाटली बघून मान हलवली. नियम आहे म्हणे. नियमाबद्दल तक्रार नाही, ती मान हलवायच्या पद्धतीबद्दल आहे. परत येऊन टपरीवाल्याकडून पत्र्याचा डबा घेतला, पुन्हा गेलो. डिझेल गाडी कोरडी पडली की लाइनीत हवा धरते, नुसतं डिझेल ओतून चालू होत नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत बसलो. आधी फेस, मग बुडबुडे, मग पुन्हा फेस. काका मोठ्यानं मोजत होते. त्रेसष्टाव्या दाबाला स्वच्छ धार आली आणि काका म्हणाले, "बघा, डिझेलच संपलं होतं."

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियननं गाडीखाली झोपून टाकीतलं डिझेल मोजणाऱ्या युनिटची वायर काढली. काटा फुल. तीच वायर बॉडीला टेकवली, काटा शून्य. म्हणजे समोरचा मीटर चांगला होता. टाकीत फ्लोट म्हणजे तरंगता गोळा असतो, डिझेलबरोबर वर-खाली होतो, तसा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बदलतो. माझ्या गाडीत रेझिस्टन्स जास्त म्हणजे टाकी भरलेली. अर्थिंगचा लग, म्हणजे वायर बॉडीला जोडणारं टोक, गंजून हिरवा पडला होता. गंजाचाही रेझिस्टन्सच की, तोही काट्यानं डिझेल म्हणून मोजला. त्याच अर्थिंगवर मागचे दिवे, म्हणून ब्रेक मारला की मी श्रीमंत. लग घासून नवी वायर टाकली. दीडशे रुपये.

मार्चमध्ये दुसऱ्या एकानं याच दुखण्यासाठी मीटर बदलला होता. दोन हजार दोनशे. गाडीखाली वाकलासुद्धा नव्हता. आता फोन उचलत नाही. जुना मीटर मागितला तर तोही "भंगारात गेला." हे लिहिताना दात खायला लागलोय, म्हणून सोडतो.

ब्रेक मारला तरी काटा आता उडत नाही. खरं तेवढंच दाखवतो, आणि ते नेहमी कमीच असतं. काल टपरीवरून जाताना काकांनी लांबूनच हवेत पेरं वाजवून "किती?" असं विचारलं. मी काट्याकडं बघितलं. मग गाडी कडेला घेतली, खाली उतरलो आणि टाकी ठोकून बघितली.