परवानगीविना उभा राहिलेला तळ आणि आपण शेजारी

इंग्लंडमधल्या आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकाच विषयाची चर्चा चालू आहे. गावाबाहेरच्या एका शेतात ट्रॅव्हलर समाजाच्या, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या फिरस्ते जीवन जगत आलेल्या जिप्सी आणि आयरिश ट्रॅव्हलर लोकांपैकी, काही कुटुंबांनी प्लॅनिंग परमिशन (बांधकामाची किंवा जमीनवापर बदलण्याची परवानगी) न घेता कॅरॅव्हॅन, म्हणजे राहण्याच्या चाकांवरच्या गाड्या, आणून उभ्या केल्या आहेत आणि त्यांना तिथून हलवण्यासाठी डिस्ट्रिक्ट कौन्सिलने, म्हणजे नियोजन पाहणाऱ्या स्थानिक संस्थेने, काय करावे, याबद्दल प्रत्येकाचे ठाम मत आहे. ग्रुपमध्ये आपली मराठी कुटुंबेही आहेत. या तळाविरुद्ध सगळ्यांनी सह्या केलेल्या निवेदनावर तू सही का केली नाहीस, असे त्यांतल्या काही जणांनी मला विचारले. उत्तर दोन ओळींत मावणारे नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण ग्रुपवर तो सतत पुसला जातो. दुसऱ्याच्या किंवा सार्वजनिक जागेवर, म्हणजे बागेत, क्रीडांगणावर, पार्किंगमध्ये काही दिवस गाड्या लावून राहणे ही एक गोष्ट. स्वतः विकत घेतलेल्या जमिनीवर परवानगीशिवाय वस्ती करणे ही दुसरी. पहिल्या बाबतीत घुसखोरीचे कायदे आणि पोलिसांचे अधिकार लागू होतात, तर दुसरी बाब नियोजनाच्या कायद्याची आहे. आमच्याकडचे प्रकरण दुसऱ्या प्रकारात मोडते. जमीन त्या कुटुंबांची आहे, खरेदीखत झालेले आहे. फक्त ती शेतजमीन आहे, ग्रीन बेल्टमध्ये, म्हणजे बांधकामापासून राखून ठेवलेल्या हरितपट्ट्यात, आहे आणि तिच्यावर राहण्याची परवानगी त्यांनी घेतलेली नाही.

हे घडते कसे, तेही पाहण्यासारखे आहे. असे काम बहुतेक वेळा बँक हॉलिडेच्या, म्हणजे सोमवारच्या सार्वजनिक सुट्टीच्या, आदल्या शुक्रवारी संध्याकाळी, कौन्सिलचे कार्यालय बंद झाल्यावर सुरू होते. आमच्याकडेही तसेच झाले. कुंपणाच्या झुडपांत गाडी जाईल एवढी वाट पाडली गेली आणि विटांच्या व काँक्रीटच्या चुऱ्याने भरलेले टिपर एकामागून एक आत शिरू लागले. रोलरने तो भराव दाबून वर बारीक खडी पसरली गेली, जनरेटर सुरू झाला, सांडपाण्याची टाकी पुरण्यासाठी खड्डा खणला गेला, आणि मंगळवारी सकाळी कौन्सिलचा अधिकारी येईपर्यंत गवताच्या जागी कॅरॅव्हॅन, लाकडी कुंपणे आणि वाळत घातलेले कपडे होते. रात्री उशिरापर्यंत टिपरच्या मागे जाण्याचा कर्कश आवाज आणि शोधदिव्यांचा उजेड लगतच्या घरांनी सोसला. त्यांचा संताप मला पूर्णपणे समजतो. घराला मोठे वाढीव बांधकाम करायचे तर आपण नकाशे काढून, शुल्क भरून, आठ-आठ आठवडे वाट पाहतो. मग नियम सगळ्यांना सारखा का नाही, हा प्रश्न रास्तच आहे.

म्हणूनच एन्फोर्समेंटच्या, म्हणजे नियम मोडणाऱ्यांवरच्या कारवाईच्या, मी विरोधात नाही, ती व्हायलाच हवी. कौन्सिलच्या हातात अधिकार नाहीत, असेही नाही. तात्पुरती स्टॉप नोटीस, म्हणजे काम थांबवण्याचा आदेश, तत्काळ लागू होते, तिच्याविरुद्ध अपील करता येत नाही आणि एप्रिल 2024 पासून इंग्लंडमध्ये तिची मुदत 28 दिवसांवरून 56 दिवस करण्यात आली आहे. तिच्या जोडीला 1990 च्या टाऊन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्टखाली न्यायालयाकडून मनाई हुकूम आणता येतो, आणि तो मोडला तर न्यायालयाचा अवमान होऊन तुरुंगवासही होऊ शकतो. दुसरीकडे, आधी काम करून मग परवानगी मागणे याच कायद्याला मान्य आहे, आणि ही सवलत ट्रॅव्हलरांसाठी वेगळी केलेली नाही. परवानगीशिवाय कॉन्झर्व्हेटरी (घराला जोडलेली काचेची खोली) बांधून नंतर अर्ज करणाऱ्या माझ्या शेजाऱ्यालाही तीच लागू झाली होती. अर्ज फेटाळला गेला आणि एन्फोर्समेंट नोटीस निघाली, तरी त्या नोटिशीविरुद्ध प्लॅनिंग इन्स्पेक्टरेटकडे, म्हणजे नियोजनाची अपिले ऐकणाऱ्या सरकारी संस्थेकडे, अपील करता येते, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत नोटीस स्थगित राहते.

खरा प्रश्न त्या अपिलात सुरू होतो आणि तिथेच आमचे गाव डोळे मिटून घेते. अपील ऐकणारा इन्स्पेक्टर विचारतो की या कुटुंबांना दुसरीकडे जाण्यासाठी जागा आहे का. सरकारच्या ट्रॅव्हलर स्थळांविषयीच्या धोरणानुसार प्रत्येक कौन्सिलने आपल्या भागातली गरज मोजायची असते आणि पुढच्या पाच वर्षांना पुरतील इतक्या जागा लोकल प्लॅनमध्ये, म्हणजे कौन्सिलच्या जमीनवापराच्या आराखड्यात, दाखवायच्या असतात. त्या नसतील तर ती उणीव अर्जदाराच्या पारड्यात पडते. मुले असतील तर त्यांचे हितही प्राधान्याने विचारात घ्यावे लागते. मग कौन्सिलने कितीही तत्परतेने नोटीस बजावलेली असो, तीन किंवा पाच वर्षांची तात्पुरती परवानगी मिळण्याची शक्यता बरीच वाढते. आणि या जागा लोकल प्लॅनमध्ये का नसतात? मागच्या वेळी कौन्सिलने मसुद्यात काही जागा सुचवल्या, तेव्हा प्रत्येक जागेच्या आसपासच्या गावाने हरकतींचा पाऊस पाडला, नगरसेवक पुढच्या निवडणुकीच्या भीतीने मागे सरले आणि एकेक जागा वगळली गेली. आज ज्या निवेदनावर सह्या आहेत, त्यांतल्या कित्येक सह्या त्या हरकतींवरही होत्या. माझ्या सही न करण्याचे हे पहिले कारण.

या प्रश्नाला इतिहास आहे. पिढ्यान्‌पिढ्या जिथे थांबण्याचा रिवाज होता, त्या गायरानांवर गाड्या लावण्यास 1960 च्या कायद्याने कौन्सिलांना बंदी घालता येऊ लागली. त्यातून झालेले हाल पाहून एरिक लबक या लिबरल खासदाराने खासगी विधेयक आणले आणि 1968 चा कॅरॅव्हॅन साइट्स ॲक्ट झाला. त्याने स्थानिक संस्थांवर जिप्सींसाठी जागा उपलब्ध करून देण्याचे बंधन घातले. त्या काळात जागा झाल्या, पण कुठे झाल्या? पश्चिम लंडनमध्ये वेस्टवेच्या उन्नत महामार्गाच्या पायथ्याशी असलेली वसाहत आजही तिथेच आहे. इतरत्र कचरा डेपो, रेल्वेमार्ग, सांडपाणी केंद्र यांच्या शेजारची, दुसऱ्या कोणालाही नको असलेली जमीन त्यांच्या वाट्याला आली. 1994 मध्ये तेही बंधन काढून टाकण्यात आले आणि सरकारने सांगितले की आता तुम्ही स्वतः जमीन घ्या आणि परवानगी मागा. त्यांनी जमिनी घेतल्या. पण स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने 2001 मध्ये चॅपमन या इंग्लंडमधल्या जिप्सी महिलेच्या खटल्याचा निकाल दिला, त्याच्या कागदपत्रांतच अशी नोंद आहे की जिप्सींचे सुमारे 90 टक्के अर्ज पहिल्या पायरीवर फेटाळले जात होते, तर इतर अर्जांपैकी सुमारे 80 टक्के मंजूर होत होते. रांगेत उभे राहून आपला क्रमांक लागतच नाही, असा अनुभव ज्याला बापाच्या काळापासून आहे, तो बँक हॉलिडेच्या आधी टिपर बोलावतो. मी त्याचे समर्थन करत नाही. पण कारण समजून घेतल्याशिवाय उपाय सापडणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

नुसत्या कारवाईने काय साधते, याचे सर्वांत मोठे उदाहरण एसेक्समध्ये बॅझिल्डनजवळच्या डेल फार्मचे आहे. तिथल्या जमिनीचा एक भाग जुन्या भंगारवाल्याचे आवार होता, शेजारी परवानगी असलेली ट्रॅव्हलर वस्ती होती, आणि तिला लागून परवानगी नसलेले पन्नासेक भूखंड होते. दहा वर्षे कोर्टकचेऱ्या चालल्यावर 19 ऑक्टोबर 2011 पासून दंगलविरोधी पोलिसांच्या बंदोबस्तात सुमारे 80 कुटुंबांना हटवण्यात आले. कौन्सिल आणि पोलीस यांचा मिळून खर्च 70 लाख पौंडांच्या घरात गेला. त्यानंतर त्यांतली बरीच कुटुंबे थोड्याच अंतरावर, लगतच्या रस्त्याच्या कडेला, पाणी-विजेशिवाय राहू लागली. रिकामी केलेली जागा कॅरॅव्हॅन परत येऊ नयेत म्हणून खणून, मातीचे बांध घालून ठेवली गेली. ज्या हिरवाईसाठी हे सगळे झाले, ती तिथे पुढची कित्येक वर्षे उगवली नाही. नियोजनाचा कायदा राखला गेला हे खरे, पण एकाही कुटुंबाचा आणि एकाही शेजाऱ्याचा प्रश्न सुटला नाही.

आता गावाच्या प्रतिसादाविषयी. पॅरिश हॉलमध्ये सभा झाली, तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात बोललेले सगळे मुद्दे नियोजनाचे होते. अरुंद रस्त्यावर जोड-कॅरॅव्हॅन वळणार कशी, पावसाळी पाण्याचा निचरा कुठे होणार, जुनी झुडपे तोडली त्याची भरपाई कोण करणार, भरावात ॲस्बेस्टॉस आहे का. असे प्रश्न इन्स्पेक्टर गंभीरपणे घेतो आणि त्यांच्या आधारे अपील फेटाळले जाऊही शकते. त्यानंतर मात्र बोलण्याचा रोख जमिनीवरून माणसांवर गेला. आता घरांना कुलपे दुहेरी लावा, शाळेचा दर्जा घसरणार, ही माणसे कधी सुधारत नसतात. निवेदनातही शेवटी असाच एक परिच्छेद घातला गेला आणि तो काढा, अशी मी केलेली विनंती मान्य झाली नाही. रोमनी जिप्सी आणि आयरिश ट्रॅव्हलर हे समानता कायद्याखाली वांशिक गट म्हणून संरक्षित आहेत. असा मजकूर कौन्सिल विचारात घेत नाही, उलट त्यामुळे बाकीच्या योग्य हरकतींचे वजन कमी होते. पण मला तो मजकूर केवळ निरुपयोगी म्हणून नको नव्हता. तो अन्यायकारक आहे म्हणून नको होता. सही न करण्याचे हे दुसरे कारण.

आपल्या मराठी मंडळींना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये, असे मला मनापासून वाटते. माणूस कोणत्या जमातीत जन्मला यावरून त्याला गुन्हेगार ठरवणारा कायदा याच ब्रिटिशांनी 1871 साली हिंदुस्थानात केला. पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कुटुंबेच्या कुटुंबे तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली. कायदा 1952 मध्ये गेला, संशय गेला नाही. जुलै 2018 मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले, आणि त्यामागे मोबाइलवरून फिरलेल्या अफवा होत्या. आमच्या ग्रुपवर परवा एक संदेश आला की तळावरची एक पांढरी व्हॅन शाळेजवळ घुटमळत होती. चौकशी केल्यावर कळले की त्या व्हॅनमधली बाई आपल्या मुलाच्या प्रवेशाचा अर्ज द्यायला आली होती. संदेश मागे घेतला गेला नाही.

दुसरा मार्ग नाही, असेही नाही. लीड्समध्ये स्थानिक ट्रॅव्हलर संघटना आणि कौन्सिल यांनी मिळून वाटाघाटीने थांबण्याची पद्धत सुरू केली. कुठे थांबायचे, किती दिवस, कचरा कुठे टाकायचा हे कुटुंबांशी आधी ठरते, कौन्सिल शौचालये आणि कचऱ्याचे डबे पुरवते, आणि पुन्हा पुन्हा हुसकावण्यावर होणारा खर्च बराच वाचतो. हा तात्पुरत्या मुक्कामापुरता उपाय आहे, कायमच्या वस्तीसाठी लोकल प्लॅनमध्ये जागा हव्यातच. मोठ्या वस्त्यांपेक्षा चार-सहा कुटुंबांच्या लहान जागा, शाळा आणि दवाखाना जवळ असलेल्या, अनेक गावांत विभागून दिल्या तर कोणत्याही एका गावावर भार पडत नाही.

लोकल प्लॅनच्या नव्या मसुद्यावर मते मागवणे सध्या चालू आहे. मी दोन पत्रे पाठवली आहेत. पहिल्यात या शेतातल्या तळाला रस्ता, निचरा आणि भराव या तीन मुद्द्यांवर हरकत घेतली आहे. दुसऱ्यात आमच्याच गावाच्या टोकाला, बसथांब्यापासून चालत जाता येईल अशा कौन्सिलच्या मालकीच्या जागेवर सहा कुटुंबांसाठी स्थळ करण्याच्या प्रस्तावाला पाठिंबा दिला आहे. ती जागा माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. ज्यांना दुसरे पत्र लिहायचे असेल, त्यांनी मला संदेश पाठवावा, मी मसुदा लगेच पाठवते.