एक मोठी इमेज म्हणजे न्यूजलेटर नव्हे

छोट्या व्यवसायांसाठी एक सल्ला सध्या जोरात फिरतोय. न्यूजलेटरसाठी टेम्प्लेटच्या, म्हणजे मेलच्या तयार साच्याच्या, भानगडीत पडू नका. कॅनव्हा या डिझाइनच्या ॲपमध्ये छान पोस्टर करा, त्याची इमेज मेलमध्ये टाका, तिला लिंक द्या आणि पाठवून मोकळे व्हा. जोडीला कारणंही दिलेली असतात: इमेज सगळीकडे सारखी दिसते, मराठी फाँट बिघडत नाही, लोक वाचत नाहीत तर नुसतं बघतात, वेळ वाचतो. शेवटी पुरावा म्हणून ओपन रेटचा, म्हणजे किती जणांनी मेल उघडली त्याचा, आकडा. अशा व्यवसायांना टेम्प्लेट बनवून देणं हे माझं रोजचं काम आहे. या सल्ल्यामुळे झालेले घोळ इतक्यांदा निस्तरलेत, की एकेका मुद्द्याला उत्तर द्यायलाच हवं असं वाटलं.

"इमेज सगळीकडे सारखी दिसते." दिसली, तर सारखी दिसते. विंडोजवरचं जुनं आउटलुक बाहेरच्या सर्व्हरवरच्या इमेज विचारल्याशिवाय उतरवून घेत नाही. तिथे तुमच्या पोस्टरच्या जागी रिकामी चौकट येते. जीमेल 2013च्या डिसेंबरपासून इमेज आपोआप दाखवायला लागलं, पण तिथेही सेटिंग बदलून त्या बंद ठेवता येतात. ज्याच्याकडे इमेज बंद आहेत, त्याला तुम्ही कोरी मेल पाठवलेली असते.

आणि दिसली तरी कशी दिसते? मेलची रुंदी साधारण 600 पिक्सेल ठेवायची पद्धत आहे, म्हणून पोस्टरही तेवढंच केलं जातं. तुम्ही ते मोठ्या स्क्रीनवर बनवता, वाचणारा ते 360 पिक्सेल रुंदीच्या फोनवर उघडतो. इमेज 60 टक्क्यांवर येते आणि 14 पिक्सेलचं अक्षर साडेआठचंही राहत नाही. इंग्रजी अक्षर तेवढ्यात कसंबसं तग धरतं. देवनागरीत मात्र 'प' आणि 'ष' एक होतात, रफार शिरोरेषेत बुडतो, 'मंगळवारी' वरचा अनुस्वार ठिपकाभरही उरत नाही. तोच मजकूर खरा मजकूर म्हणून लिहिला असता, तर अक्षर 16 पिक्सेलचंच राहिलं असतं. फक्त ओळी लवकर मोडल्या असत्या.

डार्क मोडचंही तेच. टेम्प्लेटमधला मजकूर अंधाऱ्या स्क्रीनशी जुळवून घेऊ शकतो. पोस्टर पांढरंफटक डोळ्यांवर येतं.

"मराठी फाँट बिघडतो." ही भीती पोकळ नाही, पण ती जुन्या काळातली आहे. युनिकोड रुळण्याआधी ज्यांनी मराठी मजकूर पाठवला, त्यांनी पलीकडे उमटलेली अगम्य चिन्हं पाहिली आहेत. आज अँड्रॉइडवर नोटो, ॲपलवर कोहिनूर, विंडोजवर निर्मला यूआय असे देवनागरी फाँट आधीपासूनच असतात. जीमेल तुमचा आवडता वेब फाँट उतरवून घेत नाही हे खरं. म्हणून तो गृहीतच धरू नका. फोनमध्ये असलेल्या फाँटवर मजकूर नीट दिसेल, असं टेम्प्लेट बांधा.

देवनागरी खरी बिघडते ती इंग्रजीसाठी केलेलं तयार टेम्प्लेट जसंच्या तसं वापरल्यामुळे. त्यात शीर्षकाला लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर, दिलेलं असतं. इंग्रजीत ते ऐटदार दिसतं, मराठीत शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ते शून्य करा. इंग्रजीला पुरणारं ओळींमधलं अंतर आपल्याला पुरत नाही. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. मी ते अक्षराच्या आकाराच्या 1.6 पटीखाली नेत नाही. तिरपी अक्षरं टाळा. एवढ्या तीन दुरुस्त्या केल्या की इमेजच्या आडोशाला जायची गरज बहुतेकदा उरत नाही.

"लोक वाचत नाहीत, बघतात." याचं उत्तर एका प्रसंगातून देते. योगवर्ग चालवणाऱ्या एक बाई दर महिन्याला पोस्टर पाठवायच्या. एकदा वेळ बदलली, ती पोस्टरमध्ये ठळक लिहिलेलीही होती. तरी अर्धा वर्ग जुन्या वेळेला हजर. चौकशी केल्यावर कळलं, की आदल्या दिवशी अनेकांनी मेलबॉक्समध्ये 'वेळ' किंवा 'वर्ग' टाकून शोधलं होतं. इमेजमधली अक्षरं त्या शोधात आली नाहीत. हाती लागली ती जुन्या वेळेची, मजकुरात लिहिलेली मेल. त्यांच्याच वर्गातल्या एक दृष्टिहीन विद्यार्थिनी फोनच्या स्क्रीन रीडरवर मेल ऐकतात. त्यांना ऐकू आलं एवढंच: "पोस्टर फायनल तीन डॉट जेपीजी." त्या महिनोन्‌महिने मैत्रिणीला विचारून वेळा लिहून घेत होत्या. हे कळलं तेव्हा मला अतिशय वाईट वाटलं. ऑल्ट टेक्स्टची, म्हणजे इमेजमागे तिचं वर्णन करणारी, एक ओळ लिहिली असती तरी हे टळलं असतं, पण अख्ख्या पोस्टरचा मजकूर त्या ओळीत कोंबणं हा काही उपाय नव्हे.

फोटो जरूर टाका. शिकवतानाचा फोटो, नव्या वस्तूचा फोटो, हे बघण्यासाठीच असतात. तारीख, वेळ, किंमत, पत्ता मात्र मजकुरातच हवा.

"वेळ वाचतो." पहिल्या महिन्यात, हो. टेम्प्लेट बसवायला एखाद-दोन दिवस जातात, कारण विंडोजवरचं जुनं आउटलुक 2007च्या आवृत्तीपासून मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरत आलंय. वेबसाइटवर सहज चालणारी मांडणी तिथे कोसळते, म्हणून मेलमध्ये अजून टेबलं वापरावी लागतात. बटणही इमेजचं करायचं नाही. टेबलच्या एका खणाला रंग द्यायचा, आत लिंक लिहायची. आउटलुकमध्ये त्याचे गोल कोपरे चौकोनी होतील, होऊ द्यात. बटण दाबता येतं. हे एकदा झालं की दर महिन्याला फक्त मजकूर आणि एक फोटो बदलायचा. पोस्टर मात्र दर वेळी नव्याने जुळवावं लागतं, आणि एक शुद्धलेखनाची चूक सापडली की पुन्हा एक्स्पोर्ट, पुन्हा अपलोड.

एक काळजी टेम्प्लेटवाल्यांनीही घ्यावी: मेलचं एचटीएमएल, म्हणजे तिचा कोड, 102 केबीच्या पुढे गेलं की जीमेल मेल मध्येच कापतं, आणि तळाशी असलेली अनसबस्क्राइबची, म्हणजे यादीतून बाहेर पडायची, लिंक नेमकी त्यात जाते. युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, त्यामुळे आपली मर्यादा लवकर भरते.

राहिला ओपन रेट. उघडलेल्या मेल मोजतात त्या आत लपवलेल्या एका इवल्याशा इमेजवरून. 2021च्या सप्टेंबरमध्ये ॲपलने मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं. ते चालू असलं की माणसाने मेल उघडो न उघडो, ॲपल ती इमेज आधीच उतरवून घेतं. आकडा फुगतो. तो बघून पोस्टर चाललं असं म्हणता येत नाही. लिंकवरचे क्लिक आणि आलेली उत्तरं मोजा.

नुसती इमेज पाठवली की मेल स्पॅममध्ये जातेच, अशी भीती काही जण घालतात. ती मी घालणार नाही. मेल खरंच तुमच्याकडूनच आली आहे हे पटवणाऱ्या तीन व्यवस्था, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क, नीट बसवल्यात का, हे त्याआधी तपासा. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला 5000च्या वर मेल पाठवणाऱ्यांना 2024च्या फेब्रुवारीपासून ही तिन्ही सक्तीची आहेत, पण यादी लहान असली तरी बसवून घ्यावीत.

त्या बाईंची मेल आता अशी असते: वर लहानसा लोगो, पहिल्याच ओळीत या महिन्याची वेळ, मग एक फोटो, चार ओळी, एक बटण, तळाशी पत्ता आणि अनसबस्क्राइब. पाठवण्याआधी त्या ती स्वतःला पाठवतात, फोनवर इमेज बंद करून बघतात, आणि मग स्क्रीन रीडर लावून एकदा पूर्ण ऐकतात.