कोठार जहाजाच्या लाकडाचं? छे!

इंग्लंडच्या खेड्यांतल्या जुन्या लाकडी कोठारांचे फोटो फिरू लागले की सोबत ही ओळ हमखास येते: ‘ही मोडलेल्या जहाजांच्या लाकडातून बांधलीत. खांबांवरच्या रिकाम्या खाचा आणि वाकडी लाकडं बघा!’ तिथले गावकरीही हे छातीठोकपणे सांगतात.

खाचांचं आधी बघू. चांगलं ओकचं लाकूड कुणी टाकून देत नसे. जुनी इमारत पाडली की तिचे खांब-वासे नव्या इमारतीत जायचे, जुन्या खाचांसकट. कधी एखादं आडवं लाकूड नंतर काढलेलं असतं, खाच तेवढी उरते. उलट जहाजाचं लाकूड गोलाईत तासलेलं आणि खुंट्यांच्या भोकांनी चाळण झालेलं असतं. त्यातून कोठाराचे सरळसोट खांब काढायचे कसे?

वाकडी लाकडं तर सुतार जंगलातच हेरायचे. जिथे बाक हवा तिथे मुळातच वाकलेलं झाड. काम ओल्या ओकवर चाले, कारण वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही. सांगाडा आधी जमिनीवर जुळवायचा, सांध्यांवर रोमन आकडे कोरायचे, मग सुटा करून जागेवर उभा करायचा. दोन लाकडांवरचे हे जोडीचे आकडे कित्येक कोठारांत आजही दिसतात.

हीथ्रो विमानतळाला खेटून असलेल्या हार्मंड्सवर्थचं कोठार घ्या. विंचेस्टर कॉलेजने १४२६-२७ मध्ये बांधलेलं, जवळपास ५८ मीटर लांब. लाकडातली वर्षवलयं मोजली, तर झाडं बांधकामाच्या तोंडावरच तोडलेली निघाली.

ऑक्सफर्डशायरमधलं ग्रेट कॉक्सवेलचं कोठार तर समुद्रापासून पार आत. त्याचे ओकचे खांब माणसापेक्षा उंच दगडी चौथऱ्यांवर उभे आहेत, बुंध्याला ओल लागू नये म्हणून. (त्याला सर्रास चर्चला द्यायच्या दशमांश कराचं कोठार म्हणतात, तेही चूक. ते ब्यूली मठाच्या स्वतःच्या शेतीचं.)

‘भिंतींतल्या उभ्या फटी बाण मारायला’ हे शेपूटही याच पोस्टला जोडलेलं असतं. त्या आतल्या पेंढ्यांना वारा लागावा म्हणून. समोरासमोरच्या मोठ्या दारांमधली जागा म्हणजे खळं. तिथे मळणी व्हायची आणि दोन्ही दारं उघडून आरपार वाहणाऱ्या वाऱ्याच्या झोतात धान्य उफणायचं.

जहाजाच्या लाकडाची इमारत इंग्लंडात नाहीच असं नाही. पोर्ट्समथजवळच्या विकहॅम गावात १८२० साली ‘चेसापीक’ या पकडलेल्या अमेरिकन युद्धनौकेच्या लाकडातून एक इमारत उभी राहिली. पण ती पाणचक्की आहे, आणि पोर्ट्समथची गोदी तिथून फार लांब नाही.