फक्त ऑप्शन्सचं टेबल हवंय

डॉक्युमेंटेशन लिहायला कोणालाच आवडत नाही, पण ते लिहायला किती वेळ लागतो हे मात्र ऑफिसात प्रत्येकाला अगदी बरोब्बर माहीत असतं. आमचं स्टोरेजचं प्रॉडक्ट लोक आपापल्या मशीनवरून एनएफएसने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवरच्या फाइली वापरायची पद्धत) माउंट करतात, म्हणजे आपल्याच डिस्कसारखं जोडून घेतात, आणि त्या माउंटला जे ढीगभर ऑप्शन्स देता येतात ते कोणीतरी एकदा नीट लिहून काढावेत असं ठरलं, आणि "कोणीतरी" म्हणताना सगळे माझ्याकडे बघत होते. टीम लीड म्हणाला, "अगं, फक्त टेबल हवंय. नाव, डिफॉल्ट, एका ओळीत अर्थ. मॅन पेज आहेच, त्यातून उचल."

मॅन पेज, म्हणजे लिनक्समध्ये कमांडसोबत येणारं माहितीचं पान, आहे, आणि चांगलं आहे, उगाच खोटं कशाला बोलू. फक्त ते वाचताना सगळं समजतं आणि लिहायला बसलं की काहीच समजलं नव्हतं हे समजतं.

नावाचा कॉलम तरी सोपा असावा ना? तर "व्हर्स" आणि "एनएफएसव्हर्स" ही एकाच ऑप्शनची दोन नावं. एनएफएसचं ४.१ व्हर्जन हवं असेल तर "व्हर्स=४.१" लिहा, किंवा "व्हर्स=४" लिहून शेजारी "मायनरव्हर्जन=१" जोडा, तेही चालतं. डेटा नेटवर्कवरून कुठल्या पद्धतीने पाठवायचा ते सांगायला "टीसीपी" म्हणा नाहीतर "प्रोटो=टीसीपी" म्हणा. बरं हे सगळं कमांडवर न देता एनएफएसमाउंट डॉट कॉन्फ या फाइलीत टाकायचं म्हटलं तर तिथे "बीजी" चालत नाही, तिथे "बॅकग्राउंड=ट्रू" असं पूर्ण नावानिशी लिहायचं. आणि त्यात ती "नो"वाली मंडळी, नोएसी, नोसीटीओ, नोलॉक, नोशेअरकॅश. "हा ऑप्शन ऑन केला की कॅशिंग ऑफ होतं" असं वाक्य मी शुद्धीवर असताना लिहिलंय.

पण नावांचं एकवेळ ठीक आहे, युनिट्सनी माझा जीव घेतला.

बघा हां. "टाइमो" म्हणजे सर्व्हरकडून उत्तर आलं नाही तर किती वेळ थांबायचं, आणि तो द्यायचा सेकंदाच्या दहाव्या भागात. का? माहीत नाही, १९८४ साली सन मायक्रोसिस्टम्समध्ये कोणाला तरी सेकंद फार मोठा वाटला असेल. टीसीपीवर त्याचं डिफॉल्ट ६००, म्हणजे ६० सेकंद. उत्तर आलं नाही की क्लायंट, म्हणजे माउंट करणारं मशीन, पुन्हा विचारतो आणि दरवेळी थांबायची वेळ तेवढ्यानेच वाढवतो, जास्तीत जास्त ६०० पर्यंत. हे दुसरं ६०० मात्र सेकंदात! एकाच परिच्छेदात दोन ६००, एक म्हणजे एक मिनिट आणि दुसरं म्हणजे दहा मिनिटं. मी ते वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा छापताना चूक झाली असेल असं वाटलं.

त्याच्या खालीच "रिट्राय". हे मिनिटांत. माउंटच होत नसेल तर किती वेळ प्रयत्न करत राहायचं, तर फोरग्राउंडला (कमांड तुमच्यासमोर थांबते) २ मिनिटं आणि बॅकग्राउंडला (मागच्या मागे चालू राहते) १०,००० मिनिटं, म्हणजे आठवड्याला फक्त ८० मिनिटं कमी. हे ८० मिनिटांचं मी सांगत नाहीये, खुद्द मॅन पेजच सांगतं, अगदी निर्विकारपणे. आणि रिट्रायशेजारी राहतो "रिट्रान्स", तो वेळ नाहीच, तो आकडा, किती वेळा पुन्हा पाठवायचं त्याचा. अॅट्रिब्यूट कॅशचे, म्हणजे फाइलची माहिती क्लायंटने स्वतःकडे किती वेळ जपून ठेवायची ते सांगणारे, "एसीरेगमिन" वगैरे चौघे सरळ सेकंदात. आणि "आरसाइझ", म्हणजे एका वेळी किती डेटा वाचायचा, तो बाइट्समध्ये.

म्हणून मी टेबलात "युनिट" नावाचा चौथा कॉलम टाकला. टीम लीड म्हणाला, तीन ठरले होते ना. मी त्याला म्हटलं, तुझ्या स्वतःच्या मशीनच्या एफएसटॅबमध्ये (काय काय माउंट करायचं त्या यादीच्या फाइलीत) "टाइमो=५" आहे, ते पाच काय आहेत सांग. तो म्हणाला पाच सेकंद. मी म्हटलं अर्धा सेकंद. कॉलम राहिला.

डिफॉल्टचा कॉलम म्हणजे वेगळीच गंमत. आरसाइझचं डिफॉल्ट काय? तर "ठरेल ते". क्लायंट आणि सर्व्हर आपसात बोलून दोघांना झेपेल असा मोठ्यात मोठा आकडा ठरवतात. ठीक आहे, मग मी स्वतः दिला तर? तर १०,४८,५७६ च्या वर दिला की तो तेवढाच धरतो, १०२४ च्या खाली दिला तर सरळ ४०९६ धरतो, आणि १०२४ च्या पटीत नसेल तर खाली ओढून पटीत बसवतो. आणि यातलं काहीही करताना तो तुम्हाला एका शब्दाने सांगत नाही, हे मला जास्त लागलं. एरर नाही, वॉर्निंग नाही. तुम्ही दिलेला आकडा घेतो, मान डोलावतो आणि स्वतःला हवं तेच करतो. खरं काय लागू झालंय ते बघायचं तर "एनएफएसस्टॅट" कमांड "एम" लावून चालवायची, आणि त्यात तुम्ही कधीच न दिलेले दहा-बारा ऑप्शन्स दिसतात, त्यावरून मग सपोर्टला फोन की "हे आम्ही टाकलेलं नाही, कोणीतरी सिस्टीममध्ये घुसलंय".

"एनकनेक्ट" तर अजून वर. एका सर्व्हरशी जास्तीत जास्त १६ कनेक्शन उघडायची सोय, लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.३ पासून आलेली, चांगली गोष्ट आहे. पण एकाच सर्व्हरवरून दोन माउंट केले तर पहिल्याने जे सांगितलं तेच दुसऱ्याला मिळतं. दुसऱ्याने आठ मागितले, सोळा मागितले, काय वाट्टेल ते मागितलं तरी काही उपयोग नाही. आता हे "एका ओळीत अर्थ" मध्ये कसं बसवू?

एवढं सगळं करून मग माझ्या लक्षात आलं की हे ऑप्शन्स दिसायला पन्नास असले तरी त्यातले निम्मेअधिक एकाच प्रश्नाची उत्तरं आहेत: सर्व्हर गप्प बसला तर काय करायचं? लोकल डिस्कला हा प्रश्नच नाही, ती एकतर चालते नाहीतर मरते. नेटवर्कवरचा सर्व्हर मेलाय, की झोपलाय, की मधली वायर कोणाच्या पायात आली, हे क्लायंटला कळायला मार्गच नाही. पलीकडून फोन उचलला जात नाहीये एवढंच त्याला कळतं, आणि मग फोन ठेवायचा की कानाला धरून बसायचं हे त्याला आधीच सांगून ठेवावं लागतं. "हार्ड" म्हणजे धरून बस, कितीही वेळ. "सॉफ्ट" म्हणजे रिट्रान्सइतके प्रयत्न कर आणि मग प्रोग्रामला इनपुट-आउटपुट एरर देऊन मोकळा हो.

डिफॉल्ट हार्ड आहे. हे नक्की काय होतं ते नीट लिहायचं म्हणून मी टेस्टचा सर्व्हर मुद्दाम बंद केला आणि क्लायंटवर "डीएफ" (कुठल्या डिस्कवर किती जागा आहे ते सांगणारी कमांड) मारलं. बाकी सगळ्या डिस्क ठणठणीत, पण डीएफ बिचारं प्रत्येक माउंटला विचारत जातं, आणि त्या एका मेलेल्या माउंटपाशी येऊन जे थांबलं ते थांबलंच. दुसरं टर्मिनल उघडलं. म्हटलं यूमाउंट करून टाकू, म्हणजे जोडलेलं सोडवू. पाथ अर्धा टाइप केला आणि उरलेलं नाव आपोआप पुरं व्हावं म्हणून सवयीने टॅब दाबला. टॅब दाबल्यावर शेल, म्हणजे कमांड घेणारा प्रोग्राम, बघायला गेला की तिथे काय काय आहे. तोही गेला. तिसरं टर्मिनल. आता टॅबला हात न लावता, श्वास रोखून, एकेक अक्षर टाइप करत "पीएस" (चालू प्रोग्राम्सची यादी) चालवलं तर सगळी अडकलेली मंडळी स्टेटच्या कॉलममध्ये कॅपिटल डी, म्हणजे वाट बघत अडकलेला, असं लावून ओळीने बसलेली. तेवढ्यात मॉनिटरिंगची स्क्रिप्ट आली, तीही दर मिनिटाला डीएफच मारते, आणि दर मिनिटाला अजून एक डीएफ त्या ओळीत येऊन बसायला लागलं. लिनक्समध्ये डी स्टेटवाले पण लोड अॅव्हरेजमध्ये (मशीनवर किती काम आहे त्या आकड्यात) मोजतात, त्यामुळे सीपीयू अगदी रिकामा आणि लोड चढतोय, चढतोय, आणि मला अॅलर्टचा ईमेल आला की मशीनवर फार काम चाललंय. कर्नल लॉगमध्ये शांतपणे लिहिलेलं, सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग. मी सर्व्हर चालू केला, लॉगमध्ये "सर्व्हर ओके" आलं, आणि सगळी डीएफ एकदम सुटली, जणू काही झालंच नाही अशी उत्तरं देत. त्यांचं तरी काय चुकलं, त्यांना थांब म्हणून सांगितलेलं ते थांबले.

हे सगळं दुसऱ्या दिवशी ऐकल्यावर आमच्या सपोर्टच्या मुलाचं म्हणणं, "ताई, मग सरळ सगळ्यांना सॉफ्ट टाकायला सांगा ना." आणि हीच ती जागा जिथे टेबलची एक ओळ पुरत नाही. कारण सॉफ्टमध्ये लिहिता लिहिता टाइमआउट झाला तर एरर येते खरी, पण ती बघायची जबाबदारी प्रोग्रामची, आणि फाइल बंद करताना एरर आली का हे तपासणारे प्रोग्राम किती असतात हे ज्याने दुसऱ्याचा कोड वाचलाय त्याला विचारा. मॅन पेजच बजावतं की यात डेटा गुपचूप करप्ट होऊ शकतो. हार्डमध्ये माणूस वैतागतो, सॉफ्टमध्ये फाइल बिघडते, आणि ते सहा महिन्यांनी कळतं. मी हार्डच्या बाजूने आहे आणि तसं स्पष्ट लिहिलंय, कोणाला पटो न पटो.

आता त्या "इंटर"बद्दल. पूर्वी हा ऑप्शन दिला की अडकलेल्या प्रोग्रामला सिग्नल देऊन सोडवता यायचं. कर्नल २.६.२५ पासून, म्हणजे २००८ पासून, हा ऑप्शन दिला काय न दिला काय, दुर्लक्ष होतं, फक्त जुन्या फाइली तुटू नयेत म्हणून स्वीकारतात. आणि तरी मी बघितलेल्या जवळपास प्रत्येक एफएसटॅबमध्ये "हार्ड,इंटर" ही जोडी ठाण मांडून आहे. मी टेबलात लिहिलं, "काहीही होत नाही, काढून टाका." त्यावर एका सीनियरची कमेंट आली, "राहू दे, असलेला बरा." काहीही न करणारी गोष्ट असलेली बरी! मी ती कमेंट रिझॉल्व्ह केली आणि पाणी प्यायला गेले.

कॅशच्या चौकडीवर मी जास्त बोलणार नाही, नाहीतर इथेच रात्र होईल. फाइलची माहिती कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६० सेकंद जुनी चालते, डिरेक्टरीची ३० ते ६०. म्हणून "मी फाइल टाकलीये" आणि "मला दिसत नाहीये" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, आणि दोन माणसं त्यावरून भांडूही शकतात, मी बघितलंय. यावर नोएसी टाकून, म्हणजे ही कॅशच बंद करून, मोकळे होणारे लोक पुढच्या आठवड्यात "सिस्टीम स्लो झाली" म्हणून येतात, कारण त्यात प्रत्येक राइटसुद्धा सर्व्हरपर्यंत पोचेस्तोवर थांबतो.

तुम्हाला वाटेल एनएफएसच तेवढं विचित्र. मला पण वाटलं, म्हणून मन रमवायला ओपनएएफएस या नेटवर्कवरून फाइली वापरायच्या दुसऱ्या पद्धतीचं पान उघडलं. हे मूळचं कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीचं, आयबीएमने २००० साली कोड खुला केला, त्याच्या क्लायंटची स्वतःची डिस्क कॅश असते, सगळं कसं शिस्तीत. तिथे कॅशचा आकार १ केबीच्या ब्लॉक्समध्ये द्यायचा. छान. आणि चंकसाइझ, म्हणजे कॅशमधल्या एका तुकड्याचा आकार? तो बाइट्समध्ये नाही, केबीत नाही, तो दोनाचा घात म्हणून द्यायचा. १८ लिहिलं की २५६ केबी, २० लिहिलं की १ एमबी. मी पान बंद केलं. टाइमोबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली.

शेवटी रिव्ह्यू झाला. टेबलाचे सहा कॉलम झालेले, कारण मी "सर्व्हर गप्प झाला तर" आणि "हे कधी टाकू नका" हे दोन हट्टाने घातले. प्रॉडक्टवाल्या मॅडम म्हणाल्या, "छान झालंय गं, पण हा सर्व्हर गप्पवाला कॉलम काढूया का, कस्टमरला वाटेल आपला सर्व्हर सारखा गप्प होतो." डेव्हलपर म्हणाला, "यातलं बरंचसं कोडमध्ये कळतं की." सपोर्टचा मुलगा म्हणाला, "सगळं मस्तय ताई, फक्त लोकांनी कॉपी-पेस्ट करायला एक ओळ द्या वरती." आणि खरं सांगू, तिघांत त्याचंच बरोबर होतं. ती ओळ दिली. लोक तेवढीच घेतात, खालचं सगळं माझ्यासाठी.

तो गप्पवाला कॉलम पण राहिलाय, नाव फक्त बदलून "उपलब्धतेविषयी वर्तन" केलंय, म्हणजे कोणी वाचणार नाही याची मॅडमना खात्री आहे.

काल डेव्हलपरचा मेसेज आला की पुढच्या रिलीझमध्ये आमचं माउंटचं टूल स्वतःचा एक टाइमआउट आणतंय, टेबलात एक ओळ वाढव. मी युनिट विचारलं. म्हणाला मिलिसेकंद, आणि शून्य दिलं तर कायमचं थांबतो, आणि उणे एक दिलं तर काय ते तो बघून सांगतो.