साधी गाडी, सर्व थांबे

न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्याने छातीवर आपले नाव लिहावे, म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले लोक त्या नावाने हाका मारून हुरूप वाढवतात, असे सगळेच सांगतात आणि ते खरेही आहे. माझ्या बाबतीत ही जबाबदारी मेहुण्याने परस्पर उचलली आणि माझे नाव आडनावासकट ठसठशीत देवनागरीत छापलेला निळा टी-शर्ट करून आणला. परिणामी ब्रुकलिनच्या फोर्थ ॲव्हेन्यूवर माझ्या पुढच्या माइकला आणि मागच्या जेसिकाला नावानिशी हाका मिळत होत्या, केळ्याचा पोशाख घालून धावणाऱ्या एका इसमाचा तर ‘गो, बनाना!’ असा अखंड जयघोष चालला होता, आणि मला मात्र अधूनमधून कोणीतरी दया येऊन ‘गो, ब्लू शर्ट!’ म्हणत होते. क्वीन्सबरो पुलावर प्रेक्षकांना उभे राहू देत नाहीत. त्या पुलाच्या चढाला सगळे जण भितात, पण मला तो बरा वाटला, कारण तिथे निदान समानता होती.

मला नावाने हाक मारणारा पहिला माणूस भेटला तो थेट पाचव्या ॲव्हेन्यूवर, तेविसाव्या मैलाजवळ. सेंट्रल पार्कच्या कडेने एकशे दहाव्या रस्त्यापासून नव्वदाव्या रस्त्यापर्यंतचा हा जेमतेम मैलभराचा चढ नकाशात दिसतसुद्धा नाही. तो फक्त मांड्यांना दिसतो. त्या मांड्यांशी माझी बोलणी चालू असताना कठड्यापलीकडून माझे पूर्ण नाव खणखणीत आवाजात उच्चारले गेले. वळून पाहिले, तर सत्तरीपलीकडचे एक काका. अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, माकडटोपी, पांढरे स्वच्छ बूट, हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी सेलरीची जुडी.

“मराठीच ना?”

“हो.”

“मूळचे कुठले?”

माझ्या उजव्या पोटरीत त्याच क्षणी गोळा येत होता. तरीही मी “साताऱ्याचा” असे सांगितले, कारण या प्रश्नाला उत्तर न देण्याची आपल्याकडे रीत नाही.

“अरे वा, शेजारचेच की. मी मिरज डेपोला होतो. एस.टी.त वाहतूक नियंत्रक. आता सहा महिने लेकीकडे आलोय.” असे म्हणून काका माझ्याबरोबर निघाले. हे मुद्दाम नमूद करतो, की ते चालत होते आणि मी धावत होतो, आणि आम्ही बरोबर होतो.

मी त्यांना नम्रपणे सुचवले, की आपण माझ्यासाठी त्रास घेऊ नका. त्यावर ते म्हणाले, “तुमच्यासाठी कशाला घेऊ? तुमच्या या पळण्यापायी या रस्त्याच्या बसगाड्या वळवल्यात. लेकीने सांगितले होते, एकशे दहाला बसा आणि शहाऐंशीला उतरा. आता चालतोय.” उभा जन्म गाड्या वेळेवर सोडण्यात घालवलेल्या माणसाची बस माझ्यामुळे रद्द झाली होती, आणि पन्नास हजारांहून अधिक गुन्हेगारांपैकी मराठी समजणारा एकटा मीच त्यांच्या तावडीत सापडलो होतो.

“कितीला सुटली?” त्यांनी विचारले.

“कोण?”

“तुम्ही.”

“साडेअकराला.”

“कुठून?”

“स्टेटन आयलंडवरून.”

काकांनी मनगटावरचे एचएमटी पाहिले. “साडेपाच वाजले. सहा तास. आणि अंतर कापले किती?”

“सदतीस किलोमीटर. पण काका, साडेचार वाजलेत. आज पहाटे हिवाळ्याच्या वेळेसाठी इथली सगळी घड्याळे एक तास मागे घेतली.”

“घड्याळ मागे घेतले म्हणून गाडी पुढे जाते का? सदतीस भागिले सहा. तासाला सहा किलोमीटर.” पाच तास धरले असते, तर तो आकडा सात पूर्णांक चार आला असता. हा फरक थोडा नव्हे आणि तो मी त्यांना दोन वेळा समजावून सांगितला. त्यांनी दोन्ही वेळा माझ्याकडे असे पाहिले, की उशिराची कारणे सांगणारे चालक त्यांनी आयुष्यभर ऐकले असावेत.

मग मार्गाची चौकशी झाली. वाटेत पाच पूल आहेत असे मी म्हणालो. तर पूल म्हणजे घाट नव्हे, आमच्या गाड्या माणसे लटकलेली असताना खंबाटकी चढतात, असे उत्तर आले. वाटेत थांबे किती, असे त्यांनी विचारले. तिसऱ्या मैलापासून जवळजवळ दर मैलाला पाणी मिळते, असे मी प्रामाणिकपणे सांगितले आणि काकांचा चेहरा एकदम उजळला.

“मग बरोबर आहे! म्हणजे ही जलद नव्हेच. ही साधी गाडी, सर्व थांबे. लेट होणारच.”

आता हे मला लागले. मी दम एकवटून त्यांना फ्रेड लेबोची गोष्ट सांगायला घेतली. १९७० मध्ये ही शर्यत सुरू झाली, तेव्हा नोंदणी एक डॉलरला होती, सेंट्रल पार्कमध्येच फेऱ्या मारायच्या होत्या आणि १२७ जणांपैकी फक्त ५५ जण शेवटपर्यंत पोहोचले होते. ती उभी करणाऱ्या आणि १९७६ मध्ये शहराच्या पाचही विभागांतून नेणाऱ्या या गृहस्थाला पुढे मेंदूचा कर्करोग झाला. तरीही १९९२ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, ही शर्यत नऊ वेळा जिंकलेल्या नॉर्वेच्या ग्रेटा वाइट्झला सोबत घेऊन तो इथे धावला. त्याला ५ तास ३२ मिनिटे लागली आणि त्या वेळेला आजही कोणी हसत नाही.

काकांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. “अहो, त्यांना कर्करोग होता,” ते म्हणाले. “तुम्हाला काय झालंय?”

याला शास्त्रीय उत्तर आहे. स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवलेली साखर तीसेक किलोमीटरनंतर संपत येते आणि मग पाय आपले राहत नाहीत. मी ते दिले. “डिझेल संपले म्हणा ना,” काका म्हणाले, “सुटायच्या आधी बघायला नको?”

बघितले होते, काका. पहाटे, माणसे गाढ झोपेत असतात त्या वेळी, डोळे मिटून भरपूर भात खाल्ला होता. पण त्यानंतर अंधारात फेरीबोट पकडून स्टेटन आयलंड गाठायचे, तिथल्या किल्ल्याच्या गारठलेल्या गवतावर टाकाऊ कपडे गुंडाळून तासन्‌तास बसायचे आणि आपला क्रमांक पुकारला गेला की ते कपडे काढून दानाच्या पेटीत टाकायचे, असा इथला शिरस्ता आहे. सर्वांत वेगवान लोक आधी सुटतात आणि सर्वांत मंद लोक सर्वांत शेवटी. म्हणजे ज्याला रस्त्यावर सर्वाधिक वेळ लागणार, त्यालाच आधी सर्वाधिक वेळ कुडकुडत बसवायचे. त्याच्या वाट्याला पांगलेली गर्दी, पायाखाली चिकटणारे चिखलासारखे कागदी पेले आणि पाचच्या आत मावळणारा सूर्य द्यायचा. आणि नोंदणीचे शेकडो डॉलर मात्र विजेत्याच्या शेजाऱ्याइतकेच घ्यायचे. शर्यत जिथून सुटते त्या पुलावर एकाच वेळी सगळ्यांना सोडता येत नाही, हे मला समजते. उलट क्रमाने का सोडत नाहीत, याचीही कारणे असतील आणि ती मला ऐकायची नाहीत.

हे सगळे काकांना सांगण्याइतका श्वास उरला नव्हता. अठ्ठ्याण्णवाव्या रस्त्याच्या सुमारास त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, “बरंय, लेक वाट बघत असेल,” असे म्हणाले आणि पुढे निघून गेले. पुढे. त्यांनी वेग वाढवल्याचे मला तरी जाणवले नाही.

नव्वदाव्या रस्त्याला मी उद्यानात वळलो आणि यथावकाश शर्यत पूर्ण केली. गळ्यात पदक घातले गेले, अंगावर थंडीपासून वाचवणारा पोंचो आला, आणि मग बसायला कुठेही जागा न देता उद्यानाबाहेर पडण्यासाठी आम्हाला इतके चालवले, की ते अंतरही शर्यतीत धरायला हरकत नव्हती.

काल अधिकृत छायाचित्रे आली. पाहायला फुकट आणि घ्यायला इतकी महाग, की त्या पैशांत घरातल्या चौघांचे जेवण बाहेर होईल. पाचव्या ॲव्हेन्यूवरच्या एका छायाचित्रात माझे दोन्ही पाय जमिनीला टेकलेले आहेत, डोळे मिटलेले आहेत आणि तोंड उघडे आहे. कठड्यापलीकडे, माझ्यापेक्षा चांगले पाऊलभर पुढे, माकडटोपीतले काका मागे वळून मनगटाकडे बोट दाखवत आहेत. ते विकत घेणार नाही, असे मी घरात स्पष्ट सांगितले आहे. बायकोचे म्हणणे असे, की घ्यायचे तर तेच घेऊ, काका फार छान आले आहेत.