पाटी चुकली माझी, पण पेढ्यात साखर घातली नव्हती

ताई नमस्कार. दुकान माझंच आहे आणि हे उत्तर मीच लिहितोय, काउंटरवरच्या कोणाला सांगून लिहून घेतलेलं नाही. तुमचा रिव्ह्यू परवा रात्री दुकान बंद केल्यावर वाचला आणि खरं सांगतो नीट झोप लागली नाही.

बाकी जे वाचतायत त्यांना थोडक्यात सांगतो. ताईंनी बाबांच्या पंच्याहत्तरीला आमच्या ठाण्यातल्या नौपाड्याच्या दुकानातून अर्धा किलो शुगर फ्री मावा पेढे आणि पाव किलो खजूर अंजीर रोल नेले, बाबांना बऱ्याच वर्षांची शुगर, त्यांनी चार पेढे नि दोन रोल खाल्ले, दोन तासांनी घरच्या मशीनवर २६८ आली आणि रात्रभर पोट बिघडलं ते वेगळंच. ताईंचं म्हणणं आम्ही गुपचूप साखर घालतो, ही फसवणूक आहे, यापेक्षा घरी गुळाचे लाडू केलेले बरे.

त्या पेढ्यात साखर घातलेली नव्हती, भट्टीवर मी स्वतः उभा असतो. पण तुमची तक्रार तरीही बरोबर आहे, कारण साखर घातली नाही म्हणजे साखर नाही असं होत नाही आणि पाटीवर आम्ही मोठ्या अक्षरात शुगर फ्री लिहिलं होतं. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचा, नियम असा आहे की शुगर फ्री लिहायचं तर १०० ग्रॅममधे साखर अर्ध्या ग्रॅमच्या वर नको. मावा त्यात बसूच शकत नाही. हे मला माहीत असायला हवं होतं, सगळीकडे तसंच लिहितात म्हणून आम्हीही लिहिलं, हे काही कारण झालं नाही. माफी मागतो.

आता २६८ आली कशी ते सांगतो. एक लिटर दुधात ४५-५० ग्रॅम दुधाची स्वतःची साखर असते, लॅक्टोज. कढईत दूध आटतं तेव्हा पाणी उडून जातं, साखर कुठे जात नाही. लिटरमागे दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम मावा हातात येतो आणि ती सगळी साखर त्यात. भट्टीवरचा ताजा मावा काहीही न घालता नुसता उलथन्यावरचा चाटून बघा, गोड लागतो, दाणेदार, थोडा करपट वासाचा, ती गोडी दुधाचीच. आमचा एक पेढा २५ ग्रॅमचा, चार पेढ्यात साधारण ७५ ग्रॅम मावा, म्हणजे १५-१६ ग्रॅम लॅक्टोज आलं. खजूर अंजीर रोल तर विचारूच नका, त्यात निम्म्याहून जास्त वजन फळाच्या साखरेचंच असतं, दोन रोल म्हणजे अजून तीसेक ग्रॅम. मिळून नऊ-दहा चमचे साखर झाली की. रोलवर आम्ही शुगर फ्री लिहिलेलं नाही, पण आमच्या काउंटरवरच्या मुलाने तुम्हाला "हे शुगरवाल्यांना चालतं, बिनधास्त खा" असं सांगितलं असं तुम्ही लिहिलंय. मी त्याला विचारलं, तो हो म्हणाला. त्याची चूक नाही, त्याला मी कधी शिकवलंच नव्हतं.

पोटाचं कारण माल्टिटॉल, साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ. पेढ्याला गोडी त्याची आहे, चार पेढ्यात वीसेक ग्रॅम. ते आतड्यात पूर्ण शोषलं जात नाही, म्हणून शुगर साखरेइतकी चढवत नाही, पण थोडी चढवतेच, आणि जे उरतं ते गॅस करतं, जुलाब करतं, वय झालेल्या माणसाला तर लवकर. पाकिटातल्या मालावर ही सूचना छापावी लागते, आमचा माल सुटा ट्रेमधला म्हणून कोणी छापत नाही, मीही छापत नव्हतो.

मग माल्टिटॉल घालतोच कशाला, असं तुम्ही विचाराल. साखरेऐवजी गोडीला जे जे मिळतं ते सगळं करून बघितलंय हो. सुक्रालोज साखरेच्या सहाशे पट गोड, किलोभर माव्याला तीनशे ग्रॅम साखर लागत असेल तर हे अर्धा ग्रॅम पुरतं, पण मग पेढ्याला अंगच राहत नाही, मावा तूप सोडतो, वळला तरी बसतो. एरिथ्रिटॉलने शुगर जवळजवळ चढत नाही, पण थंड झाल्यावर रवा धरतं, दाताखाली कचकच लागतं आणि जिभेला गार वाटतं, पेढा खातोय की पेपरमिंट कळत नाही. अस्पार्टेम कढईत गेलं की गोडी निघून जाते. स्टीव्हिया मागाहून कडवट लागतं. माल्टिटॉल कढईत साखरेसारखं वागतं म्हणून बरेच मिठाईवाले तेच घेतात. मिठाईत साखर नुसती गोडीला नसते, वजनाला, टिकायला, आकाराला पण असते, घोडं तिथेच अडतं.

म्हणूनच सांगतो, बाबांना गोड द्यायचंच असेल तर जिथे फक्त गोडी लागते, अंग लागत नाही, तो पदार्थ निवडा. श्रीखंड. दही रात्रभर टांगलं की निवळीबरोबर दुधाची साखर बरीच निघून जाते, थोडी विरजणातच संपलेली असते, भट्टी नाही काही नाही. चक्का घरीच करा, मेडिकलमधल्या सुक्रालोजच्या गोळ्या चमचाभर कोमट दुधात विरघळवून घाला, केशर वेलची जायफळ मन लावून घाला. गोळ्याच घ्या, कारण सुट्या पावडरीत बऱ्याचदा माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली भुकटी, भरलेलं असतं आणि ते शुगर चढवतं, डब्याच्या मागचं बारीक अक्षर वाचा. आणि वाटीभर नको, दोन-तीन चमचे, जेवणानंतर.

गुळाबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे, राग मानू नका. जांभळी नाक्यावरून कोल्हापुरी गूळ मीही आणतो, आवडीने खातो, पण गूळ म्हणजे ८० टक्क्यांच्या वर साखरच आहे, रंग आणि वास वेगळा. लोह असतं ते एका लाडवात इतकंसं. मधही तसाच. माझ्या आईला बावीस वर्षं शुगर होती, आणि "गुळाचा चहा चालतो गं" असं शेजारणी सांगायच्या म्हणून ती दिवसाला चार कप घ्यायची, वर्षभर आम्हाला कळलं नाही शुगर का उतरत नाही. तेव्हा कोणी सांगायला नव्हतं. प्लीज बाबांना गुळाचे लाडू नैसर्गिक म्हणून देऊ नका.

अजून एक, बाबा इन्सुलिन किंवा शुगरच्या औषधाच्या गोळ्या घेत असतील आणि कधी घाम सुटला, हात थरथरायला लागले, शुगर खाली गेली, तर त्या वेळी शुगर फ्री काही उपयोगाचं नाही, साधी साखर किंवा ग्लुकोजच द्यायचं. आईला एकदा तलावपाळीवर फिरताना असं झालं, खिशात साखरेची पुडी होती म्हणून निभावलं. तेव्हापासून माझ्या गल्ल्यात पुड्या असतात, कोणीही मागा.

काल सकाळी पाटी काढली. २०२० पासून ट्रेवर कधीपर्यंत खायचं ती तारीख लावावी लागते, तिच्याच शेजारी आता लिहिलंय: "साखर घातलेली नाही. दुधाची साखर आहे. माल्टिटॉल आहे, जास्त खाल्लं तर पोट बिघडू शकतं. एक पेढा २५ ग्रॅम." रोलवर "खजुराची साखर भरपूर" असं स्पष्ट लिहिलंय, विक्री कमी झाली तरी चालेल. मुलांनाही सांगितलंय की कोणी शुगरचं विचारलं तर "बिनधास्त" हा शब्द तोंडातून काढायचा नाही, डॉक्टरांना विचारा म्हणायचं.

दोन्हीचे पैसे परत घेऊन जा, बिल नसलं तरी चालेल. बाबांचा आकडा आता किती येतोय आणि पोट बरं आहे का, तेवढं मात्र इथे नाहीतर दुकानात येऊन सांगा. संध्याकाळी पाच ते सात मी कढईजवळच असतो.