शिकागोचा पियानो आणि आमची मोटार

हरभऱ्याला पाणी द्यायचं तर आमच्या औसा तालुक्यात आधी लाईटीची मर्जी राखावी लागते. एक हप्ता दिवसाची, एक हप्ता रात्रीची. पाळी माझी आली की नेमकी रात्रीची. बारा वाजता थंडीत कुडकुडत निघायचं, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरं आणि मनात साप.

पुण्यात शिकणाऱ्या भाच्याला कीव आली. "मामा, मोबाईलवर एक अल्बम टाकून देतो, दारं धरताना ऐका. लई अंधार हाय त्यात, पण उमेद बी हाय." अंधार आपल्याकडं फुकट आहे. उमेदीसाठी हेडफोनची ती बोंडं कानात घातली.

अल्बम शिकागोच्या 'स्मॅशिंग पंपकिन्स' या रॉक बँडचा, नाव 'मेलन कोली अँड द इन्फिनिट सॅडनेस'. पंपकिन म्हणजे भोपळा, म्हणजे माणसं आपल्यातलीच. हे 1995 साली निघालं तेव्हा किल्लारीच्या भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात राहत होतो, त्यामुळं दुःखाची गाणी मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण 28 गाणी? दोन डिस्क, दोन तास? पहिलीचं नाव पहाट ते सांज, दुसरीचं कातरवेळ ते चांदणं. लाईटीचं वेळापत्रक कधी इतकं सरळ लागलं नाही.

सुरुवातीला नुसता पियानो. मग शिकागोच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रातल्या 30 जणांनी व्हायोलिनं अशी उचलली की दांडातलं पाणी चांदण्यात लकाकायला लागलं आणि आपण चिखलात उभे नसून कुणाच्या तरी वरातीत आहोत असं वाटलं. तेवढ्यात गिटार खरखरली. मोटारीचं बेअरिंग गेलं! विहिरीकडं पळालो, एक चप्पल चिखलातच राहिली. मोटार मजेत. वाफ्याशी येतो तर पुन्हा खरखर, पुन्हा पळालो. या लोकांचं एका गाण्यात लग्न असतं, दुसऱ्यात भांडण, आणि मधी जेवायलासुद्धा थांबत नाहीत.

सहावं गाणं पिंजऱ्यातल्या उंदराचं. गायक बिली कॉर्गन इतका चिडलेला, की मीही खोरं जोरजोरात मारायला लागलो. आमच्याकडं उंदीर मोकळा असतो आणि दांडात अडकतो तो माणूस, हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

मग एकदम सगळं हळू झालं. इतकं हळू की भोवती चिटपाखरू नाही. वा! म्हटलं, याला म्हणतात गाणं. बांधावर बसलो, डोळे मिटले.

खांद्यावर हात पडला. शेजारचे नाना.

"मास्तर, माझ्या ज्वारीला पाणी देऊलालाव का? हुरड्यात आलीय, लोळली म्हंजी?"

बॅटरी मारली. बांधाला उंदराचं हे एवढं बीळ, आणि माझं अख्खं पाणी नानांच्या रानात.

"आन् मोटार बंद पडून अर्धा तास झालाय. एक फेज गेलाय. तुमचं ध्यान कुठंय?"

मी मुकाट्यानं एक बोंड काढून त्यांच्या कानात घातलं. नानांनी कपाळाला आठ्या घालून बराच वेळ ऐकलं.

"कोन हाय हे रडूलालंय?"

"शिकागोचा हाय."

"मग," नाना माझ्या शेजारी बांधावर टेकले, "त्येची बी लाईट गेली का?"